आतला आवाज कुठे शिकला?

‘आतला आवाज कधी खोटं बोलत नाही’ हे वाक्य हल्ली सगळीकडे भेटतं. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात भेटतं, स्थळ पाहून आल्यावर भेटतं, प्लॉट घेताना, शेअर विकताना, नोकरी सोडतानाही भेटतं. बोलणारा छातीवर हात ठेवून सांगतो की डोकं फसवतं, मन फसवत नाही. ऐकणारे माना डोलावतात, कारण या वाक्यात प्रत्येकाला काहीतरी फुकट मिळतं. अभ्यास नको, चौकशी नको, कुणाला उत्तर द्यायला नको. वाटलं म्हणजे झालं. माझा या वाक्याला विरोध आहे आणि तो अर्धामुर्धा नाही. अंतःप्रज्ञा नावाची गोष्ट असते, ती माणसाच्या कर्तृत्वाचा फार मोठा भाग असते, असं मी मानतो. तिच्या नावावर जे खपवलं जातं त्यात बहुतेक वेळा ती नसतेच, म्हणून हा विरोध.

या मताचे सगळ्यात वजनदार जामीनदार म्हणजे स्टीव्ह जॉब्ज. १९७४ साली ते भारतात आले, काही महिने फिरले. वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र २०११ साली आलं, त्यात या प्रवासाबद्दलचं त्यांचं मत आहे. भारतातल्या खेड्यांतली माणसं आमच्यासारखी बुद्धी वापरत नाहीत, ती अंतःप्रज्ञेवर चालतात, आणि ही शक्ती बुद्धीहून बलवान आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडे हे मत मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं, जणू कुणी आपल्याला प्रशस्तिपत्र दिलं. मला ते अपमानाचं वाटतं. खेड्यातल्या माणसाची बुद्धी ज्याला दिसली नाही, त्याने तिला वेगळं नाव देऊन मोकळं व्हावं, आणि आपण त्याबद्दल आभार मानावेत, हे मला मान्य नाही.

लातूर-बीडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाहा. मृगाचा पहिला पाऊस झाला म्हणून तो लगेच पेरणीला हात घालत नाही. रानात जातो, माती उकरून ओल किती खोल गेली ते बघतो, मूठभर माती दाबून तिचा गोळा होतो की भुगा होतो ते बघतो. पुढे उघडीप पडली तर हे रान किती दिवस दम धरेल, याचा त्याचा हिशेब काळ्या भारी जमिनीसाठी वेगळा आणि मुरमाड माळासाठी वेगळा असतो. मग तो म्हणतो, ‘अजून दोन दिवस थांबू.’ का, असं विचारलं तर कदाचित एवढंच म्हणेल, ‘वाटतंय तसं.’ त्या वाटण्यामागे त्याच्या बापाचे आणि त्याचे मिळून कित्येक हंगाम आहेत, आणि प्रत्येक हंगामात मातीने त्याला चोख उत्तर दिलेलं आहे. घाई केली तर बी करपलं, जपून केलं तर उगवलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. खात्याने ते मोजून सांगितलं, शेतकऱ्याने मुठीने ओळखलं, पण दोघांनीही बुद्धीच वापरली.

याच शेतकऱ्याला विचारा, पुढचे पंधरा दिवस पाऊस राहील का? तिथे त्याला मुठीसारखी खात्री नसते. पेरणीनंतर मोठा खंड पडतो आणि दुबार पेरणीची वेळ येते, ती मातीचं गणित चुकल्याने येत नाही. आभाळाने त्याला मातीसारखं कधी शिकवलेलंच नसतं. एकाच माणसाच्या आतला आवाज एका विषयात जाणता आणि दुसऱ्यात अडाणी असू शकतो. बीडचा शेतकरी हे जाणतो आणि कबूलही करतो. व्यासपीठावरचे वक्ते कबूल करत नाहीत.

खुद्द जॉब्ज यांचं उदाहरण घ्यायचं तर ते पुरतं घ्यावं. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. जॉब्ज यांनी ती सुमारे नऊ महिने लांबवली आणि आहारावर व पर्यायी उपचारांवर भर दिला. शस्त्रक्रिया झाली जुलै २००४ मध्ये. त्या उशिरामुळे त्यांचं आयुष्य घटलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. यंत्र लोकांच्या हातात कसं बसावं हे सांगणाऱ्या आवाजाने त्या विषयात अर्धं आयुष्य घालवलं होतं, लोकांनी घेतलेली आणि लोकांनी नाकारलेली, अशी दोन्ही यंत्रं पाहिली होती. स्वादुपिंडाच्या गाठीबद्दल त्याच आवाजाची शाळा झालीच नव्हती. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा आवाज आपलाच, ओळखीचाच वाटला असणार.

हा सगळा घोळ तीन वेगळ्या गोष्टी एक मानल्यामुळे होतो. सहजप्रवृत्ती, पोटातून वाटणं म्हणजे ज्याला आपण सर्रास गट फीलिंग म्हणतो ते, आणि अंतःप्रज्ञा. तिन्हींत एवढंच साम्य आहे की तिन्ही विचार करण्याआधी येतात. तेवढ्यावरून त्यांना सख्ख्या बहिणी मानणं ही चूक आहे.

सहजप्रवृत्ती जन्माबरोबर येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात, तेव्हा त्यांना वाट दाखवायला कुणी नसतं. आई अंडी घालून केव्हाच समुद्रात परतलेली असते. तरी पिल्लू पाण्याकडे चालू लागतं. अंधारात जिकडचं क्षितिज जास्त उजळ तिकडे जायचं, ही ओढ त्याच्या मज्जासंस्थेतच असते. लक्षावधी वर्षं ती बरोबर ठरली, कारण रात्री समुद्राकडची बाजूच उजळ असायची. मग जगभरच्या किनाऱ्यांवर माणसाने हॉटेलं बांधली, रस्ते केले, दिवे लावले. अशा किनाऱ्यावर पिल्लू दिव्यांकडे चालत जातं आणि पाण्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या आत काही बिघडलेलं नसतं. बाहेरचं जग बदललेलं असतं आणि ते ओळखण्याची सोय त्या ओढीत नसते. माणसाच्याही अंगात अशा ओढी आहेत. मोठ्या आवाजाला दचकणं, उंचावर पाय लटपटणं, गोडावर मन जाणं, परक्याबद्दल अंग चोरणं. गोड मिळणं दुर्मीळ होतं तेव्हा गोडाची ओढ जगवणारी होती. आज घरोघरी मधुमेह असताना तिला कुणी अंतर्मनाचा शहाणा सल्ला म्हणत नाही. परक्याच्या भीतीला मात्र आपण तो मान देतो, आणि त्याकडे मला पुढे यायचं आहे.

आता पोट. ‘पोट म्हणजे दुसरा मेंदू’ हे विज्ञानाचं प्रमाणपत्र हल्ली या मताला जोडलेलं असतं. मायकेल गर्शन या अमेरिकी संशोधकाचं याच नावाचं पुस्तक १९९८ सालचं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं आहे, हे खरं. शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, हेही खरं. त्यावरून जे सांगितलं जातं ते खरं नाही. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मधल्या पडद्यापाशी अडतं. ते जाळं अन्न पुढे ढकलणं, पाचक रस सोडणं, नको ते बाहेर टाकणं ही कामं सांभाळतं. पोटातून मेंदूकडे संदेश जातात, पुष्कळ जातात, पण ते भरलं, रिकामं, ताणलं, मळमळलं, दुखलं अशा जातीचे असतात. अमुक माणसाशी भागीदारी करू नकोस, हा मजकूर आतड्याकडे तयारच होत नाही.

मग पोटात गोळा येतो तो कशाचा? धोक्याची चाहूल मेंदूला लागते, अॅड्रेनालिन सुटतं, हृदय धडधडतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, आणि ते आपल्याला पोटात जाणवतं. पोटाने बातमी पाठवली, असं आपण समजतो. प्रत्यक्षात मेंदूची घबराट पोटापर्यंत पोचलेली असते. शिवाय या गोळ्यावर कारण लिहिलेलं नसतं. परीक्षेच्या सकाळचा गोळा, प्रेमात पडल्याचा गोळा आणि जागरणानंतरच्या चौथ्या चहाचा गोळा, आतून सारखेच. कारण आपण चिकटवतो आणि चुकीचं चिकटवू शकतो. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कॅनडातल्या कॅपिलानोच्या झुलत्या, उंच पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडताना जे पुरुष तिथल्या तरुण मुलाखतकर्तीला भेटले, त्यांच्यातल्या पुष्कळांनी तिला नंतर फोन केला. बुटक्या, भक्कम पुलावर भेटलेल्यांपैकी फार थोड्यांनी केला. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की पुलाने उडालेली छाती त्या पुरुषांनी तिच्या खाती मांडली. ‘तिला पाहताच आतून जाणवलं’ असं त्यांनी मित्रांना सांगितलं असतं, तर ते खोटं बोलत नव्हते. त्यांना जाणवलंच होतं.

अंतःप्रज्ञा या दोन्हींहून निराळी आहे. ती जन्माने येत नाही आणि पोटात राहत नाही. ती शिकलेली असते, इतकी मुरलेली की शिकल्याची आठवणही उरत नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्राच्या नोबेल विजेत्याने तिची केलेली उकल मला आजही सगळ्यात पटते. अंतःप्रज्ञा म्हणजे ओळख पटणं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही, असं त्याचं म्हणणं. सायमन आणि विल्यम चेस यांनी १९७३ साली बुद्धिबळाच्या पटावर हे दाखवलं. खऱ्या डावातली मध्यावरची स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि आठवणीने मांडायला सांगायचं. निष्णात खेळाडूने सुमारे सोळा मोहरी जागेवर ठेवली, नवशिक्याने जेमतेम चार. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली. आता निष्णात खेळाडूही नवशिक्याच्या पातळीवर आला. त्याची स्मरणशक्ती अद्भुत नव्हती, नजरही दैवी नव्हती. हजारो डावांतून ओळखीचे झालेले आकार त्याला दिसत होते, आणि आकार नाहीसे झाल्याबरोबर त्याची जादूही गेली.

‘मग रामानुजन?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला सूत्रं दाखवते, असं रामानुजन सांगत. त्यांची श्रद्धा खरी होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं उदाहरण देणाऱ्यांनी पाटीची हकिकत विसरू नये. कागद परवडत नसे म्हणून रामानुजन पाटीवर गणित करत, कोपराने पुसत, पुन्हा करत, आणि शेवटचं उत्तर तेवढं वहीत उतरवत. वहीत सिद्धता नाहीत, याचा अर्थ त्यामागे कष्ट नव्हते असा होत नाही. कष्ट पाटीवरून पुसले गेले. शाळकरी वयात हाती आलेल्या कार यांच्या पुस्तकात हजारो प्रमेयं होती, बहुतेकांच्या सिद्धता नव्हत्या. त्यांच्याशी तो मुलगा वर्षानुवर्षं एकटा झुंजला. देवीने दाखवलं असेल, तर ज्याने पाटी झिजवली त्याला दाखवलं.

आणि रामानुजनही चुकले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना जे प्रसिद्ध पत्र पाठवलं, त्यात मूळ संख्यांच्या वाटणीबद्दल केलेला दावा बरोबर नव्हता. त्यांना वाटलं होतं त्याहून मूळ संख्या फार आडमुठ्या निघाल्या. त्याच सुमारास, १९१४ साली, हार्डींचे सहकारी लिटलवूड यांनी मूळ संख्यांबद्दलचीच एक सार्वत्रिक समजूत मोडली. अमुक मर्यादेपर्यंत किती मूळ संख्या असतील याचा एक नामी अंदाज गणितज्ञ वापरत. प्रत्यक्ष मोजून पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी तो अंदाज खऱ्या आकड्याहून थोडा जास्त यायचा. तो कायमच जास्त येणार असं सगळ्यांना वाटे. पुढे कुठेतरी पारडं उलटतं, आणि अनंत वेळा उलटतं, हे लिटलवूड यांनी सिद्ध केलं. आपण पोचतो त्याच्या कितीतरी पलीकडे ती जागा आहे, तिथे कुणाचाही आतला आवाज कधी गेलेला नाही. गणिती माणसं अंतःप्रज्ञेची पूजा करतात, पण तिच्या शब्दावर प्रमेय मंजूर करत नाहीत. ही शिस्त त्यांनी स्वतःहून पत्करली आहे आणि त्यामुळे त्यांच्या अंतःप्रज्ञेचं काही नुकसान झालेलं दिसत नाही.

गॅरी क्लाइन या संशोधकाने क्लीव्हलँडच्या एका अग्निशमन अधिकाऱ्याची हकिकत नोंदली आहे. एकमजली घर, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग. पाणी मारलं तरी आग दबेना. त्या मानाने खोली फार तापलेली, आणि एवढ्या तापात असावा तो आवाज नाही. अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि क्षणात जमीन खचली. आग खाली तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, असं त्या अधिकाऱ्याला कितीतरी काळ वाटत होतं. क्लाइन यांनी खोदून विचारल्यावर एकेक खूण बाहेर आली. उष्णता, शांतता, पाण्याला न जुमानणं. आधी पाहिलेल्या आगींशी ही आग जुळत नव्हती आणि ते न जुळणं त्याच्या अंगाने आधी टिपलं. अतींद्रिय काही नव्हतं. शेकडो इंद्रियगोचर आगी होत्या.

क्लाइन हे अंतःप्रज्ञेचे वकील आणि डॅनिएल कानमन हे तिचे कठोर परीक्षक. दोघांनी काही वर्षं वाद घालून २००९ साली एक लेख मिळून लिहिला. मतभेद शोधायला बसलेल्या या दोघांना मुख्य मुद्द्यावर मतभेद सापडले नाहीत. त्यांनी दोन अटी मांडल्या. त्या क्षेत्रात खुणांचा आणि परिणामांचा टिकाऊ संबंध हवा, आणि तो शिकण्याची भरपूर संधी हवी, म्हणजे आपण चुकलो की बरोबर हे वेळेवर, स्पष्ट कळायला हवं. याला मी एक तिसरी गोष्ट जोडतो, ती त्यांनीही सांगितलेली आहे. स्वतःला किती खात्री वाटते, ही खरेपणाची खूण नाही.

शेअर बाजाराला या अटी लावून पाहा. ‘बाजाराची नाडी मला कळते’ म्हणणारे प्रत्येक कार्यालयात दोन-चार तरी सापडतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा तीन आर्थिक वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक माणसं, त्यांतली ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. या माणसांना उत्तर वेळेवर मिळत नव्हतं असं नाही, रोज संध्याकाळी मिळत होतं. पण बाजारात आजची खूण उद्या खूण राहत नाही. योगायोगाने जिंकलेला दिवस कौशल्याचा वाटतो आणि कौशल्य वाढल्याचा भास वाढत जातो. हे आकडे कोरडे नाहीत, त्यात कुणाचा भविष्यनिर्वाह निधी आहे, कुणाच्या मुलीच्या शिक्षणाची ठेव आहे. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ या सल्ल्याची किंमत अशी मोजावी लागते. सल्ला देणाऱ्याला ती मोजावी लागत नाही, कारण व्यासपीठावर बोलावलं जातं ते उरलेल्या सात टक्क्यांतल्या कुणालातरी.

आता परक्याची भीती. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत फिरत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. बाजाराचा दिवस, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारून टाकण्यात आलं. जमावातल्या अनेकांना त्या माणसांकडे पाहून मनात पाल चुकचुकल्यासारखं वाटलं असणार, यात मला शंका नाही. ते ढोंग करत नव्हते. म्हणूनच हे उदाहरण मला सोडवत नाही. आतला आवाज खोटं बोलत नाही, या सिद्धान्ताकडे राईनपाड्याचं उत्तर काय आहे?

‘ती अंतःप्रज्ञा नव्हतीच, ती भीती होती’, असं उत्तर मिळतं. मान्य. पण त्या क्षणी, त्या माणसाला, आतून दोन्हींतला फरक कळण्याची काही खूण होती का? नव्हती. फरक कळतो तो मागे वळून विचारल्यावर. हे मला कुणी शिकवलं? फिरस्त्या माणसाकडे पाहून माझं मन सावध होतं, तर किती फिरस्त्यांशी मी बोललो आहे? त्यांतल्या कितींनी मला फसवलं? पारध्यांचं उदाहरण घ्या. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का पोलीस ठाण्याच्या वहीतून निघाला, मनातून निघाला नाही. आज गावात चोरी झाली की ज्याच्या मनात पहिल्यांदा पारध्यांचं पाल येतं, त्याला ते आपलं अनुभवाचं शहाणपण वाटतं. अनुभव त्याचा नसतोच, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारचा पूर्वग्रह त्याच्या आवाजात बोलत असतो. ही प्रवृत्ती नाही, अंतःप्रज्ञा तर नाहीच. शिकलेलं आहे, पण खोट्या गुरूकडून, आणि चूक दाखवायला कधी कुणी आलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्या आजीपणजीही म्हणत आल्या. मनावर नजर ठेवायला त्यांना कुणा मानसशास्त्रज्ञाची गरज लागली नाही.

यावर सगळ्यात सच्चा आक्षेप आईचा आहे. ‘बाळाला काहीतरी होतंय, मला आतून वाटतंय’ असं आई म्हणते, डॉक्टर किरकोळ सर्दी म्हणून परत पाठवतो, आणि आईचं खरं ठरतं. असे प्रसंग घडतात. या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला माहीत आहे आणि तो मी लपवणार नाही. बेल्जियममधल्या ३,८९० मुलांचा अभ्यास २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यातल्या ३,३६९ मुलांचा आजार तपासणीत गंभीर वाटला नव्हता. त्यांतल्या सहा जणांना पुढे गंभीर संसर्ग निघाला. तपासणीत काही न सापडताही ‘काहीतरी चुकतंय’ असं डॉक्टरला वाटणं, ही या गटात धोक्याची फार मोठी खूण ठरली. आणि डॉक्टरला तसं वाटण्यामागची सगळ्यात ठळक परिस्थिती कोणती, तर हा आजार नेहमीसारखा नाही, अशी पालकांची काळजी. त्या वाटण्यावर कृती केली असती तर सहापैकी दोन मुलं वेळीच सापडली असती, आणि त्यासाठी ४४ खोट्या धोक्याच्या घंटा वाजल्या असत्या. हा सौदा मी आनंदाने करीन. दोन मुलांसाठी ४४ घरांनी एक फेरी जास्त मारावी.

पण हाच अभ्यास नीट वाचा. आईला जे कळतं ते पोटातून कळत नाही. या बाळाचं हसणं, रडणं, दूध ओढणं, झोपणं तिने रात्रंदिवस पाहिलेलं असतं, त्या बाळाची जगातली एकमेव तज्ज्ञ तीच असते. आणि तिचं वाटणं घंटा वाजवतं, निदान करत नाही. निदानाला मोजणी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बालकांच्या न्यूमोनियावर केलेलं काम १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. न्यूमोनियाची मुख्य खूण श्वासाचा वेग. पन्नास-साठपर्यंत मोजता न येणाऱ्या गावच्या दायांनी तो कसा मोजावा? बंग दांपत्याने वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ, त्याहून मोठ्याला पन्नास ही धोक्याची रेघ, म्हणजे सहा मणी किंवा पाच. वाळू संपण्याआधी मणी संपले तर औषध सुरू. दाईचा अनुभव त्यांनी नाकारला नाही, त्याच्या हातात मणी दिले. मला यात दाईबद्दलचा जो आदर दिसतो, तो ‘खेड्यातली माणसं अंतःप्रज्ञेवर चालतात’ या स्तुतीत दिसत नाही.

‘बायकांना सहावं इंद्रिय असतं’ या वाक्यातही तीच खोट आहे. रात्री रिक्षावाल्याने वळण बदललं आणि मागे बसलेली मुलगी सावध झाली, तर ती सहाव्या इंद्रियाने नाही, बाराव्या वर्षापासून बसमध्ये, गर्दीत, जिन्यात सोसलेल्या पाचही इंद्रियांच्या अनुभवाने सावध झाली. तिने उतरावं. कुणालाही कारण न सांगता उतरावं, तिचं चुकलं तर भाडं वाया जाईल, एवढंच. इथे मी आतल्या आवाजाच्या बाजूने आहे, कारण तो मला स्वतःला बाजूला व्हायला सांगतो आहे. तोच आवाज दुसऱ्याला नोकरी नाकारायला, घर भाड्याने न द्यायला, पोलिसांच्या ताब्यात द्यायला, दगड उचलायला सांगू लागतो तेव्हा किंमत दुसरा मोजणार असतो. तिथे मला पुरावा हवा.

‘मग काय, सगळं यंत्रासारखं मोजत बसायचं?’ हा शेवटचा आक्षेप कानमन यांना १९५५ साली ऐकावा लागला होता. एकवीस वर्षांचे असताना इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. मुलाखत घेणारे गप्पा मारून उमेदवाराबद्दल एकूण मत बनवत, आणि ते मत पुढे खरं ठरत नसे. कानमन यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी पूर्वायुष्याबद्दल ठरावीक प्रश्न दिले, एकाला गुण दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असा नियम केला. तुम्ही आम्हाला यंत्रमानव करता आहात, अशी तक्रार आली. तेव्हा त्यांनी एक तडजोड केली. सहाही गुण दिल्यावर डोळे मिटा, हा पोरगा सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा, आणि एक ते पाचमध्ये तुमचं मत द्या. काही महिन्यांनी निकाल पाहिले तेव्हा सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेलं मतही त्या बेरजेच्या तोडीचं निघालं. आधी तेच मत निरुपयोगी होतं. माणसं तीच, त्यांची अंतःप्रज्ञा तीच. या वेळी तिला बोलण्याआधी सहा गोष्टी पाहाव्या लागल्या होत्या.

आपल्या शाळांच्या, पतसंस्थांच्या, कंपन्यांच्या मुलाखत मंडळात ‘माणूस दारातून आत आला की मला कळतं’ म्हणणारे एक ज्येष्ठ सदस्य असतात. त्यांचा अनुभव वाया जाऊ नये. त्यांना सगळ्यात शेवटी विचारावं. आधी प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला वेगळे गुण, गुण कागदावर उतरलेले, आणि मग त्यांचं मत, तेही आकड्यात आणि सहीनिशी. नेमलेला माणूस तीन वर्षांत कसा निघाला हे त्या कागदाशेजारी मांडून त्यांच्यासमोर ठेवावं. आणि दारातच ज्यांना नापास केलं ती माणसं आज कुठे कशी काम करत आहेत, तेही शोधून त्यांना दाखवावं.